प्रश्नोत्तराच्या तासातला सूर्य

माझे सासरे लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास बघतात. क्रिकेट नाही, मालिका नाहीत, भजनं तर नाहीतच. आयुष्य हातमागावर गेलेला माणूस. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचा माग होता. सासूबाई गेल्यावर मामाजी मानेवाड्याला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ही सवय घेऊनच आले. अधिवेशन चालू असलं की सकाळी अकराला आंघोळ-चहा आटोपून खुर्चीत हजर. कोणीतरी खासदार उठून प्रश्न विचारणार, मंत्री उत्तर देणार, आणि उत्तर गोलगोल व्हायला लागलं की मामाजी खुर्चीतूनच म्हणणार, "पाहा, पाहा, कसा सटकून राहिला!"

आमच्या दोघांत बोलणं तसं बेताचंच. चहा ठेवला, गोळी घेतली का, आज भाजी काय. सासरा आणि सून यांच्यात आमच्याकडे जेवढं चालतं तेवढं.

परतीच्या पावसात एकदा अशी वीज कडाडली की टीव्ही आणि त्याचा सेट टॉप बॉक्स दोन्ही एकदम गेले. गच्चीवरची छत्री तेवढी वाचली. फुकट चॅनलवाली, राखाडी, कडेला थोडी गंजलेली. नवरा वीजकेंद्रात शिफ्टला असतो. तो म्हणाला, घाई नको, नवीन टीव्ही घेऊ निवांत. पण अधिवेशन जवळ आलं होतं आणि मामाजी रेडिओशी खटपट करत बसायचे, ते मला बघवेना.

मी घरी बसून अक्षरजुळणी करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, एखादं स्थानिक कवीचं पुस्तक. माझा कॉम्प्युटर जुना आहे आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालतं. एका ग्राहकाने कधीतरी बसवून दिलं होतं, मग मलाच त्याची गोडी लागली. बिघडलं तर ते का बिघडलं हे ते निदान सांगायचा प्रयत्न तरी करतं. मी सीताबर्डीहून एक ट्यूनर आणला. तळहाताएवढी काळी डबी. एका बाजूने छत्रीची केबल आत, दुसऱ्या बाजूने यूएसबी कॉम्प्युटरला. दुकानदाराने विचारलं, "विंडोज आहे ना?" मी मान हलवली. ती हो होती की नाही हे मीही ठरवलं नव्हतं.

घरी लावला तर काहीच नाही. डबीवरचा दिवा लागलेला, पण कॉम्प्युटरला तिची ओळखच पटेना. मी टर्मिनल उघडलं, म्हणजे ती काळी खिडकी जिथे आज्ञा टाइप करायच्या असतात, आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी वाचायला घेतल्या. तिथे सरळ लिहिलं होतं: डबी दिसली, पण तिला जागं करणारी फर्मवेअरची फाइल सापडली नाही. मी ती फाइल शोधून योग्य फोल्डरमध्ये ठेवली, डबी काढून परत लावली. या वेळी ओळख पटली. मग चॅनल शोधायला सांगितलं, तर एकही नाही. फ्रिक्वेन्सींची यादी फार जुनी होती, ती बदलली. पुन्हा शोध. काळ्या खिडकीत एकाखाली एक ओळी सरकत होत्या, आकडे, आकडे, आणि मग अचानक एका ओळीच्या शेवटी शब्द उमटला: लॉक. म्हणजे सिग्नल पकडला.

तो क्षण मी विसरणार नाही. टीव्ही मी जन्मभर बघितला होता, पण तो वस्तू म्हणून, पंख्यासारखा, मिक्सरसारखा. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की गच्चीवरची ती गंजकी परात छत्तीस हजार किलोमीटरवरून कोणाचं तरी बोलणं ऐकते आहे. वर टांगलेलं ते यंत्र, तो उपग्रह, एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बाइतक्या ताकदीने बोलतं म्हणे, आणि ते बोलणं अख्ख्या देशावर पसरून, पातळ होत होत, मानेवाड्याच्या एका गच्चीवर येऊन पडतं. आणि त्यातून एक बाई बातम्या सांगायला लागते, तिच्या कानातल्याचा खडासुद्धा दिसतो.

"आलं वं!" मामाजी मागे उभे होते, मला कळलंच नव्हतं. "या एवढ्याशा डबीतून?"

"डबीतून नाही जी, वरून."

त्यांनी छताकडे पाहिलं.

तेव्हापासून सकाळी अकराला माझ्या पडद्याचे दोन भाग व्हायचे. उजवीकडे त्यांची लोकसभा, डावीकडे माझ्या पत्रिका. त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून. हिवाळ्याचं अधिवेशन आम्ही असंच काढलं. मीही ऐकायला लागले. एकदा कापसावरच्या प्रश्नाला मंत्र्याने भलतंच उत्तर दिलं, तर मामाजींच्या आधी माझ्याच तोंडून निघालं, "सटकला!" ते एवढे हसले की खोकला लागला.

मार्च उजाडला. नागपुरात मार्च म्हणजे कूलर काढायचे दिवस. शेजारच्या गच्चीवर कूलरच्या जाळ्या धुवून वाळत पडल्या होत्या, गल्लीतून नवी खस विकणारा फिरत होता. आणि एके दिवशी, प्रश्नोत्तराचा तास ऐन रंगात असताना, पडद्यावरच्या मंत्र्याचा चेहरा चौकोनाचौकोनात फुटला, आवाज तुटला, आणि अर्ध्या वाक्यावर सगळं थिजलं. मिनिटभराने परत आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि जरा जास्त वेळ. तिसऱ्या दिवशी आणखी जास्त. दर वेळी सव्वाअकराच्या आसपास.

"काहून वं सूनबाई, हे मुद्दाम करून राहिले का?"

"कोण जी?"

"सरकार. अवघड प्रश्न आला की बंद. उत्तर द्याचंच नाही."

मला हसू आलं. माझा संशय आधी स्वतःवर गेला. त्याच आठवड्यात मी सगळं अपडेट केलं होतं, कर्नलही नवा आला होता. लिनक्सवर अशा वेळी पहिलं बोट तिथेच जातं. मी जुना कर्नल परत लावला. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मंत्री जुन्या कर्नलवरही फुटला.

मग शेजाऱ्यांचा कूलर. मोटर चालू झाली की कधीकधी खरखर येते. मी शेजारच्या वहिनींना विनंती केली, तुमचा कूलर जरा अकरा ते साडेअकरा बंद ठेवता का. त्यांनी काही न विचारता ठेवला. फरक शून्य. नवऱ्याने फोनवर सांगितलं, केबल बघ, उन्हाने सांधे सैल होतात. मी दोन्ही टोकांचे सांधे कापून नवे बसवले, बोटं सोलून घेतली. फरक शून्य. डबीचा वेगळा ॲडाप्टर आणला. शून्य.

शनिवारी लोकसभा नव्हती. मी मुद्दाम बातम्यांचं चॅनल लावून बसले. सव्वाअकराला तेही फुटलं. मामाजींनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे सरकार नाही."

"नाही जी."

"मंग कोण?"

आता मात्र मला चैन पडेना. बिघाड असा वेळ पाळत नाही. तो कधीही येतो, कधीही जातो, नाहीतर कायमचा मुक्काम ठोकतो. हा ठरल्या वेळी येत होता, पाहुण्यासारखा, आणि काही वेळ बसून निघून जात होता.

मी एक साधी आज्ञा लिहिली, जी ट्यूनरचे दोन आकडे सेकंदासेकंदाला दाखवत राहील. एक आकडा सिग्नलची ताकद, दुसरा त्याचा दर्जा, म्हणजे त्या ताकदीत खरं बोलणं किती आणि गोंगाट किती. रविवारी अकराला मी पत्रिकांचं काम बाजूला सारलं आणि पूर्ण पडद्यावर ते आकडे लावून बसले. मामाजीही बसले. त्यांना आकड्यांत काय दिसत होतं कोण जाणे, पण त्यांनी चष्मा लावला होता.

सव्वाअकरा व्हायच्या जरा आधी दर्जा घसरायला लागला. धाडकन नाही. हळूहळू, एखाद्या उतारावरून पाणी जावं तसा. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणून दुसरा आकडा माझ्या उशिरा लक्षात आला. ताकद वाढत होती.

मी पुन्हा पाहिलं. चित्र फुटत होतं, आणि छत्रीला येणारी ताकद कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती. केबल तुटली तर ताकद पडते. छत्री हलली तर पडते. ढग आला तरी पडते. वाढण्याचं काहीच कारण नव्हतं. मग दर्जा हळूहळू परत चढला, ताकद तेवढ्याच सावकाशीने खाली आली, आणि सगळं जसंच्या तसं झालं.

"मामाजी," मी म्हटलं, "त्याच्यामागे कोणी तरी बोलून राहिलं आहे."

"कोणाच्या?"

"उपग्रहाच्या. त्याचा आवाज कमी नाही झाला. दुसऱ्या कोणाचा तरी आवाज त्याच्यात मिसळला, आणि तो मोठा आहे."

त्यांनी चष्मा काढला. "तिथं वर?"

मला स्वतःलाच माझं बोलणं खुळ्यासारखं वाटलं. पण आकडे तेच सांगत होते.

त्या दिवशी पुढे काही सुचलं नाही. सोमवारी सकाळी मी ठरवलं की निदान छत्री धुवून काढू. समोरच्या रस्त्याचं काँक्रीटचं काम चाललं होतं आणि तिच्यावर धुळीचा जाड थर बसला होता. त्याने काही होईल असं नाही, पण हातांना काम हवं होतं. पावणेअकराला मी बादली, फडकं घेऊन गच्चीवर गेले. खाली मामाजी कॉम्प्युटरसमोर. त्यांच्या हातात घरातला दुसरा फोन, माझा फोन कमरेला खोचलेला, दोन्ही चालू. काय दिसतं ते त्यांनी खालून सांगायचं, असं ठरलं होतं.

मार्चचं ऊन असलं तरी गच्ची तापली होती. मी चप्पल काढली आणि परत घातली. छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसलेली असते. मी तिच्या बाजूला वाकून फडक्याने घासायला सुरुवात केली. धूळ चिखल होऊन ओघळली. स्वच्छ पाण्याचा तांब्या वरून ओतला, पुन्हा पुसली, पुन्हा ओतला. खाली कोणत्याशा रेल्वेमार्गाचा प्रश्न चालला होता, तो मला फोनमधून येत होता आणि खिडकीतूनही.

"चालू आहे," मामाजी सांगत होते. "मस्त चालू आहे. मंत्री उभा राहिला."

ओली छत्री चकाकत होती. नेहमी तिचा राखाडी रंग ऊन पिऊन टाकतो, पण पाण्याच्या पातळ थरामुळे ती आरशासारखी झाली होती. आणि तेव्हा मला दिसलं. छत्रीच्या पुढे दांडीच्या टोकाला एक छोटा डबा असतो, तो छत्रीने गोळा केलेलं सगळं पकडून केबलमध्ये सोडतो. त्या डब्याशेजारी हवेत काहीच नव्हतं, पण मी फडकं झटकायला हात पुढे नेला तेव्हा माझ्या मनगटावर उजेडाचा एक गोळा पडला. बांगड्या एकदम लखलखल्या.

मी हात तिथेच धरला. छत्री सूर्याचं ऊन गोळा करून एका जागी टाकत होती. तो ठिपका माझ्या मनगटावरून सरकत होता, इतका हळू की हलताना दिसत नव्हता, पण थोड्या वेळाने बघावं तर पुढे गेलेला. तो डब्याकडे चालला होता.

मी हात काढून घेतला. मी फडकं बादलीत टाकलं आणि छत्रीच्या बाजूला उकिडवी बसले. उन्हाचा ठिपका डब्याच्या पांढऱ्या टोपीच्या कडेला लागला. कड पिवळी झाली.

"सूनबाई," फोनमधून आवाज आला, "जरा चरचर करून राहिलं."

ठिपका आत सरकला. टोपीचा अर्धा भाग उजळला, मग सगळी टोपी. ती आतून पेटवल्यासारखी दिसत होती.

"गेलं! गेलं वं! थिजला मंत्री!"

मी टोपीसमोर तळहात धरला. ऊब होती. भर दुपारच्या उन्हात असते तशी नाही, वेगळी. कोणी ओंजळीत काहीतरी ठेवावं तशी. छत्री आकाशात एका ठिकाणी बघते, जिथे तो उपग्रह आहे. ती तसूभरही हलत नाही, कारण तोही तिच्या दृष्टीने हलत नाही. आणि आज, या घटकेला, सूर्य चालत चालत बरोबर त्याच्या मागे येऊन उभा राहिला होता. सूर्य, त्याच्या पुढे ते माणसाने टांगलेलं चिमुकलं यंत्र, मग आमची गच्ची, मग ही टोपी: सगळे एका रेषेत. मागून बोलणारा तो होता. तो उजेडच नाही, रेडिओच्या लहरीही फेकतो, सगळीकडे, सतत, आणि आमची छत्री आज प्रामाणिकपणे त्याचं ऐकत होती.

"ऐकून राहिली का तू?" फोनमधून मामाजी ओरडत होते.

"मामाजी, वर या," मी म्हटलं. "लवकर या. सावकाश या. पण लवकर."

त्यांच्या गुडघ्यांना जिना मानवत नाही. तरी ते आले, कठड्याला धरून, दर पायरीला थांबत. मी त्यांचा हात धरून छत्रीशी आणलं आणि काही न सांगता त्यांचा तळहात टोपीसमोर धरला. मागावर घट्टे पडून गेलेला तो रुंद हात. उजेड त्यावर गोल पडला, पण आता एका कडेला सरकलेला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"सूर्य आहे जी. उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला आहे. म्हणून तो मंत्री थिजला."

त्यांनी वर बघायला मान उचलली. मी घाईने पदर त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नव्हतं. मग ते पदराच्या सावलीतच उभे राहिले, तळहात तसाच पुढे, आणि उजेड त्यांच्या करंगळीवरून उतरून हवेत नाहीसा होईपर्यंत हलले नाहीत. खालून खिडकीतून एकदम अध्यक्षांचा आवाज आला, पुढचा प्रश्न पुकारणारा.

"आलं," मी म्हटलं.

"मंग तो इथून एवढ्या लांबून," ते सावकाश म्हणाले, "सूर्याच्या तोंडापुढं उभं राहून बोलते? आणि रोज आपल्याले ऐकू येते?"

"हो."

"आणि फक्त एवढा वेळ त्याचं ऐकू येत नाही?"

"एवढाच वेळ."

ते गच्चीच्या कठड्यावर बसले. मी त्यांना तांब्यातलं उरलेलं पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही. थोडं ओंजळीत घेतलं, आणि उठून छत्रीवर शिंपडलं. पूजा म्हणून की धुवायला म्हणून, मी विचारलं नाही.

नंतर मी इंटरनेटवर शोधलं. अर्थातच हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षातून दोनदा होतं, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, दिवस आणि रात्र सारखे होण्याच्या आगेमागे. कुठल्या गावी, कुठल्या उपग्रहाच्या मागे, किती वाजता सूर्य येणार, याची गणितं आधीच मांडून ठेवलेली आहेत. मोठ्या छत्र्यांना ते नेमकं आणि थोडा वेळ होतं, आमच्यासारख्या लहान, जराशा कलंडलेल्या छत्र्यांना जास्त वेळ. ते वाचून माझा आनंद काडीनेही कमी झाला नाही. ग्रहणाचं गणितही आधीच मांडलेलं असतं. म्हणून कोणी ग्रहण बघायला बाहेर पडत नाही असं होत नाही.

मग आम्ही रोज गच्चीवर जायला लागलो. मी पाणी ओतायची, मामाजी सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर. मंत्र्यांना खाली एकटंच बोलू द्यायचो. शेजारच्या वहिनीही एक दिवस आल्या, ज्यांचा कूलर मी बंद करायला लावला होता. त्यांनी तळहात धरला आणि म्हणाल्या, "बाप्पा! हे आपल्याच घरावर होते का?" मी म्हटलं, तुमच्याही घरावर होते, तुमच्या छत्रीवरही, फक्त तुम्ही ती धुतली नाही म्हणून दिसत नाही. त्या लगबगीने घरी गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या गच्चीवरून पाणी ओतल्याचा आवाज आला.

मामाजी आता खूप बोलायचे. सूर्य रोज थोडा वरून का जातो, हे मी त्यांना परातीवर लिंबू धरून सांगायचा प्रयत्न केला. त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी विचारलं, "त्या यंत्राले बनवणारा माणूस कोणत्या गावचा असन?" आणि एकदा, "सूर्य बोलते तर काय बोलते?" मी सांगितलं, काहीच नाही, नुसता गोंगाट. ते म्हणाले, "तुले कसं माहीत? तुले फक्त आकडे दिसून राहिले."

सूर्य रोज थोडा वर, तसा आरशातल्यासारखा ठिपका दिवसेंदिवस खाली उतरत गेला. आधी टोपीच्या मधोमध, मग खालच्या कडेला. एक दिवस तो टोपीला नुसता चाटून गेला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं, म्हणून आम्ही खालीच बसलो. पडद्याच्या डाव्या बाजूला माझी पत्रिका, उजवीकडे त्यांची लोकसभा, आणि कोपऱ्यात मी ते दोन आकडे चालू ठेवले होते.

सव्वाअकरा झाले. दर्जा अगदी थोडा खाली झुकला, जेमतेम, आणि परत वर आला. चित्र हललंही नाही. एका खासदार बाईंनी विणकरांच्या सुताच्या भावाबद्दल विचारलं होतं आणि मंत्री सविस्तर उत्तर देत होता. किती दिवसांनी एक उत्तर अखंड ऐकू येत होतं. मी मामाजींकडे पाहिलं. वाटलं, आता म्हणतील, सटकला.

ते पडद्याकडे बघतच नव्हते. खिडकीबाहेर, ढगांमागे जिथे पांढुरका उजेड साचला होता, तिकडे बघत होते.

"गेला वाटते पुढं," ते म्हणाले.